घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटीव्हायरस आणि फायरवॉल खरंच लागतो का?

शून्य_एक
आमच्या सोसायटीत परवा यावरून बराच वाद झाला म्हणून इथे सविस्तर मांडतोय. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट येते, तुमचं संरक्षण संपत आलंय, लगेच रिन्यू करा, आणि घरातलं कोणीतरी घाबरून पैसे भरून टाकतं. माझं मत सरळ आहे. विंडोज १० किंवा ११ असेल आणि अपडेट वेळेवर होत असतील तर घरगुती वापरासाठी अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज नाही आणि वेगळा फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारी नको ती कनेक्शन अडवणारा प्रोग्राम, तर अजिबातच नको.

ही सवय आपल्याला लागली तेव्हा त्याला कारण होतं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस आला तेव्हा विंडोज एक्सपीचं मशीन नुसतं नेटला जोडलं तरी पुरे होतं, काही उघडा नाहीतर नका उघडू, साठ सेकंद उलटे मोजून मशीन रीस्टार्ट व्हायचं. पुढच्या वर्षी सॅसरने तेच केलं. मग ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजचा फायरवॉल आपोआप चालू राहायला लागला. पेन ड्राइव्ह लावला की स्वतःहून पळणारे व्हायरस आले, ती वाट विंडोज ७ मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टासाठीही अपडेट पाठवून बंद केली गेली. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर अँटीव्हायरस म्हणून सोबतच येतो. सुरुवातीला तो कच्चा होता हे मान्य, पण आता एव्ही-टेस्टसारख्या जर्मन लॅबच्या चाचण्यांत तो विकतच्या प्रॉडक्ट्सच्या बरोबरीने मार्क घेतो.

शिवाय अँटीव्हायरस हा तुमच्या मशीनवर सगळ्यात जास्त अधिकार असलेला प्रोग्राम असतो, तोच बिघडला तर काय? गुगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी या सुरक्षा संशोधकाने २०१६ मध्ये सिमँटेक आणि ट्रेंड मायक्रो या अँटीव्हायरस कंपन्यांच्या प्रॉडक्टमधली गंभीर भोकं दाखवून दिली होती. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने तर लोकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकली, त्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षण देतो म्हणणाऱ्यानेच पाळत ठेवायची हे मला फार चीड आणणारं वाटतं.

गोदाकाठ
दादा, लिहिलंय अभ्यासपूर्ण, पण माझं नाशिकला रिपेअरिंगचं दुकान आहे आणि तुम्ही ज्या अटी घातल्यात त्या पाळणारं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचित येतं. लोकांच्या घरी काय असतं सांगतो. विंडोज क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेलं, ऑफिस क्रॅक केलेलं, फोटोशॉप क्रॅक केलेलं. आणि त्या क्रॅकबरोबर जी टेक्स्ट फाइल येते त्यात पहिलीच ओळ असते की आधी डिफेंडर बंद करा नाहीतर चालणार नाही. पोरगं बंद करतं, घरात कोणाला पत्ता नसतो.

त्यातून काय होतं ते एकदा बघाच. मुलीच्या बारशाचे फोटो, कर्जाची कागदपत्रं, सगळ्या फाइल जागच्या जागी दिसतात पण प्रत्येकीच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं लागलेली, आयकॉन पांढरा, उघडतच नाही. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक फाइल, त्यात लिहिलेलं की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे म्हणजे ४९० घेऊ. हा स्टॉप-डिजेव्हू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता घरगुती लोकांच्याच मागे लागलेला, आणि येण्याचा मुख्य रस्ता क्रॅक. काही जुन्या प्रकारांवर फुकट इलाज निघाला पण नवीन प्रकारांत फाइल परत मिळतीलच असं सांगता येत नाही. समोर बसलेल्या बाईला "फोटो गेले" असं सांगावं लागतं, ते सांगणं काय असतं मला विचारा. त्यामुळे मी तरी प्रत्येक मशीनवर विकतचा अँटीव्हायरस टाकूनच देतो आणि सेटिंगला पासवर्ड लावून तो पासवर्ड आईबापाकडे देतो.

शून्य_एक
गोदाकाठ, तुम्ही सांगताय ते भयंकर आहे, पण यात डिफेंडरचा दोष कुठे आहे? क्रॅक लावणारा पोरगा तुमच्या अँटीव्हायरसने अडवलं की तोही काढून टाकेल. खरा उपाय म्हणजे मुलाला सगळे अधिकार असलेलं ॲडमिन अकाउंट देऊ नका, मर्यादित अधिकारांचं स्टँडर्ड अकाउंट काढून द्या. मग डिफेंडर बंद करताना पासवर्ड मागितला जातो, फुकटात, तुमच्या पासवर्डसारखंच काम. डिफेंडरमध्ये टँपर प्रोटेक्शनही आहे, एखादा प्रोग्राम परस्पर त्याला बंद करू बघेल तर जमत नाही.

गोदाकाठ
परस्पर नाही, पण माणसाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बटण सरकवलं तर होतं ना बंद. आणि स्टँडर्ड अकाउंट किती घरांत आहे? मशीन विकत आणल्यावर पहिलं जे अकाउंट बनतं तेच सगळं घर वापरतं आणि ते ॲडमिन असतं. मी माणसं जशी आहेत तशी धरून चालतो.

रेवती_स
मी गोदाकाठ यांच्या बाजूने. माझे आईवडील तालुक्याच्या गावी राहतात, बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांचं काम काय तर सातबारा, पेन्शनचे कागद, पासबुकचं पान, सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायची. त्या दुकानातल्या मशीनवर अजून विंडोज ७ आहे कारण त्यांचं जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या चावीवर, चालतं आणि नवीन विंडोजवर ते घेत नाही. दिवसभर गावातले सगळे पेन ड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात. बाबा घरी येऊन लावतात तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, बाण असलेले. शून्य_एक म्हणतात ती आपोआप पळण्याची वाट बंद झाली हे खरं, पण माणूस आपलाच फोल्डर समजून त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करतो, आणि व्हायरस चालू होतो. बाबांना यात काय कळणार?

दुसरं म्हणजे, आपल्याच पुण्यातली क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी आहे, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली. तिकडच्या गावोगावच्या पेन ड्राइव्हवर काय फिरतंय हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे आणि अडलं तर माणसाशी फोनवर बोलता येतं. मी इथे बंगळूरला, रोज बाबांना फोनवर "आता निळ्या ढालीवर क्लिक करा" सांगू शकत नाही. वर्षाला थोडे पैसे गेले तर जाऊ देत.

शून्य_एक
रेवतीताई, फोनवर बोलायला माणूस मिळतो म्हणून घेताय तर मी त्याला चूक म्हणणार नाही, ती सेवा आहे आणि सेवेचे पैसे द्यावेत. काटकर बंधूंबद्दल मलाही आदर आहे. पण शॉर्टकटवाले व्हायरस डिफेंडर ओळखतो, फार जुना प्रकार आहे तो. आणि बाबांना पेन ड्राइव्हऐवजी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून प्रिंट काढायला शिकवलंत तर तो प्रश्नच मिटेल.

रेवती_स
पेन्शनचे कागद आणि आधार झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर? ते मला पेन ड्राइव्हपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. त्याच्या मोबाईलमध्ये ते कायमचे पडून राहणार.

कोकणकडा
अँटीव्हायरसवर भांडून घ्या, पण फायरवॉलबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. मी नेटवर्किंगमध्ये आहे. वेगळा फायरवॉल विकत घेऊ नये यावर शून्य_एकशी सहमत, पण लोक याचा अर्थ फायरवॉल बंद केला तरी चालतो असा काढतात, तसं करू नका. घरी राउटर आहे, त्याच्यामागे मशीन लपलंय, हे आयपीव्ही४, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीसाठी, बऱ्यापैकी खरं. पण आता आपल्याकडे जिओसकट बरेच जण आयपीव्ही६ ही नवी पद्धत देतात आणि तिथे प्रत्येक मशीनला स्वतःचा जगभर पोचणारा पत्ता मिळतो. राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू असेल तर ठीक, कोणीतरी गेमिंगसाठी बंद करून ठेवला असेल तर शेवटी विंडोजचा फायरवॉलच उरतो.

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवा. १२ मे २०१७ ला पसरला, त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, १४ मार्चलाच आलेला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने लोकांच्या हातात होते. बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची. तो ४४५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या एका दारातून, एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा, त्या पोर्टवर बाहेरून येणारं कनेक्शन फायरवॉलने अडवलं की त्याची ती वाट बंद. फक्त एक सवय लावा, लॉजमध्ये किंवा कॉलेजच्या वायफायला जोडताना विंडोजमध्ये ते नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट हे ठरवता येतं, तिथे पब्लिकच ठेवा. घाईत प्रायव्हेट करून ठेवतात लोक आणि मग त्यांचं शेअर केलेलं फोल्डर शेजारच्या खोलीतून दिसतं.

पूर्वीचे झोनअलार्मसारखे फायरवॉल प्रत्येक प्रोग्रामसाठी विचारायचे, याला बाहेर जाऊ देऊ का, त्याला जाऊ देऊ का. चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर माणूस न वाचता हो म्हणतो. म्हणून मी घरी ते सुचवत नाही.

आणि शून्य_एक, ऑर्मंडीचं नाव घेतलंत तर पूर्ण सांगा, मे २०१७ मध्ये त्याने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या, डिफेंडरच्या आत चालणाऱ्या मालवेअर इंजिनमध्येही तितकंच वाईट भोक शोधलं होतं. नुसती फाइल स्कॅन झाली तरी मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाईल असं.

शून्य_एक
बरोबर, आणि मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते बुजवलं आणि अपडेट आपोआप सगळीकडे गेलं. माझा मुद्दा तोच आहे, भोकं सगळ्यांत असतात, मग एकावर दुसरा प्रोग्राम चढवून भोकं वाढवायची कशाला.

अनघा_के
माफ करा, पण सगळे जण जुन्या लढाईबद्दल बोलताय असं वाटतंय. आमच्या नात्यात ज्यांचे पैसे गेले त्यांच्या कॉम्प्युटरवर विकतचा अँटीव्हायरस होता, रिन्यू केलेला. फोन आला, वीज कापणार म्हणाले, एनीडेस्क घ्यायला लावलं. एनीडेस्क हा दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारा चांगला, कायदेशीर प्रोग्राम आहे, त्याला कोणता अँटीव्हायरस का अडवेल? कोड त्यांनी स्वतः वाचून दाखवला. मोबाईलवर तर आता लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाइल येते, ट्रॅफिक चलन म्हणून एपीके येते, ती टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर जातो.

आणि कॉम्प्युटरवरचा नवीन प्रकार सांगते, तो इथल्या प्रत्येकाने घरी जाऊन सांगाच. एखादी साइट उघडली की "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" अशी नेहमीची चौकट येते, त्यावर क्लिक केलं की पुढच्या पायऱ्या लिहून येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुमच्या नकळत साइटने कॉपी करून ठेवलेली कमांड तुम्हीच स्वतःच्या हाताने चालवता. कोणतीही खरी साइट असं करायला कधीच सांगत नाही. त्यातून लुम्मासारखे चोर शिरतात, जे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू असल्याच्या कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, उचलून नेतात, आणि कुकी हातात असली की ओटीपीचीही गरज पडत नाही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुम्माचं जाळं तोडलं तेव्हा दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशीनमध्ये तो सापडल्याचं त्यांनीच सांगितलं. यावर तुमचं काय उत्तर आहे, दोघांचंही?

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, उद्या सकाळी बँकेत जाऊ म्हणून थांबू नका. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

गोदाकाठ
अनघाताई, खरंय तुमचं. माझं उत्तर एवढंच की आलेली कमांड पुढे जी फाइल उतरवते ती तरी अँटीव्हायरसने पकडायचा एक चान्स असतो. शंभर टक्के नाही. पण चान्स सोडून का द्यायचा?

शून्य_एक
तो चान्स डिफेंडरही देतो हो.

गोदाकाठ
चालू असला तर. आणि आता विंडोज १० चं काय करणार ते सांगा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. माझ्याकडे येणारी निम्मी मशीन अशी आहेत की ११ घेतच नाहीत, प्रोसेसर जुना. सगळ्यांनी पन्नास हजारांचा नवीन लॅपटॉप घ्यावा का?

शून्य_एक
घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवता येतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. डिफेंडरची व्हायरस ओळखायची यादी तर १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे. पण पॅच थांबले की डिफेंडर असो नाहीतर दोन हजारांचा अँटीव्हायरस, मूळ भोक तसंच राहतं, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. नुसतं मेल आणि यूट्यूब बघणाऱ्याला त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून द्या, छान चालतं.

गोदाकाठ
मिंट देतो मी, पण जीएसटीचं काम करणारे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी परत येतात. त्यांना मी नोंदणी करून देईन, अँटीव्हायरसही टाकेन. त्यावर तुमचं-माझं जमणार नाही.

कोकणकडा
टॅलीवाल्यांसाठी एक, विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून सोय आहे, २०१७ पासून आहे पण मुळात बंद असते. ती डिफेंडर चालू असतानाच चालते, पण चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही, रॅन्समवेअरला तिथेच अडतं. टॅलीचा डेटा वेगळ्या ड्राइव्हवर असतो तर तो फोल्डर यादीत हाताने घाला आणि टॅलीला परवानगी द्या, नाहीतर टॅलीच सेव्ह होणार नाही.

रेवती_स
हे बाबांच्या मशीनवर दिवाळीत गेले की करते. गोदाकाठ, फोटोंच्या बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क कायम लावून ठेवली तर चालेल का?

गोदाकाठ
नाही ताई, लावून ठेवलेली डिस्कही त्याच वेळी लॉक होते, मी पाहिलंय. कॉपी करा, इजेक्ट करा, काढून कपाटात ठेवा. आणि एक प्रत तुमच्याकडे बंगळूरला.