जुन्या एच६१ मदरबोर्डवरचा आय३ काढून आय५ बसवावा का?

प्रश्न :
माझा डेस्कटॉप २०१२ साली जुळवून घेतलेला आहे. त्यात एच६१ मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि नंतर बसवलेली एसएसडी आहे. एरवीची कामे तो अजूनही व्यवस्थित करतो. परंतु व्हिडिओचे संपादन करू लागलो की प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर राहतो. वापरलेला आय५-३४७० स्वस्तात मिळत आहे. तो या बोर्डवर चालेल का, आणि मला तो घरी बसवता येईल का? रॅम मी स्वतः बदललेली आहे.

उत्तर १ :
दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५५ सॉकेटचेच (बोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या एकाच प्रकारच्या खाचेचे) आहेत. मात्र आपला आय३ दुसऱ्या पिढीतला आणि हा आय५ तिसऱ्या पिढीतला असल्यामुळे, बोर्डचा बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डवरची मूळ प्रणाली) जुना असल्यास नवा प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर काहीच उमटणार नाही. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी पाहा, आय५-३४७० साठी बायोसची कोणती आवृत्ती लागते ते टिपून घ्या, आणि जुना आय३ जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे यूपीएसशिवाय या कामाला हात घालू नका. विजेची मागणी फारशी वाढत नाही : ६५ वॅटऐवजी ७७ वॅट. दोनाऐवजी चार कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणनाकेंद्रे) मिळाल्याने संपादनात फरक नक्की जाणवेल.

उत्तर २ :
बसवताना खरी काळजी सॉकेटची घ्यावी लागते, कारण या प्रकारात पिना प्रोसेसरला नसून बोर्डवर असतात आणि त्या केसासारख्या नाजूक असतात. एकदा पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्यावरच्या कूलरकडे, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या संचाकडे, नेणारा लेप) पुसताना माझ्या हातातले कापड सॉकेटमध्ये अडकले, तीन पिना वाकल्या आणि तो बोर्ड पुन्हा चालू झाला नाही. तेव्हापासून मी प्रोसेसर सॉकेटमध्ये दाबून बसलेला असतानाच त्यावरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवून मग तो बंद करून विजेची वायर काढावी. वाळलेली पेस्ट ऊबेने सैल होते. नवा प्रोसेसर खाचा जुळवून अलगद ठेवावा, वरून दाबू नये. सॉकेटची तरफ लावताना मात्र बराच जोर लागतो, त्याला घाबरू नये. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून एकेक दाबाव्यात आणि पंख्याची वायर जोडल्याशिवाय संगणक सुरू करू नये.

उत्तर ३ :
किमतीत थोडाच फरक असेल तर आय७-३७७० घ्यावा, असे माझे मत आहे. त्यालाही ७७ वॅटच लागतात आणि आठ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) उपयोग व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवताना, होतो. मात्र विंडोज ११ साठी अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे या बोर्डवर मोठी रक्कम घालू नये.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादी पाहिली, माझा बायोस आवश्यक आवृत्तीपेक्षा जुनाच निघाला. आधी शेजाऱ्यांकडून यूपीएस आणतो आणि बायोस अद्ययावत करतो, मगच प्रोसेसर विकत घेतो.