एच१एन१ की स्वाइन फ्लू? लिहायचं काय, म्हणायचं काय?

शुद्धाक्षर: एकाच बातमीत 'एच१एन१', 'एच-१ एन-१' आणि 'एचवनएनवन' अशी तीन रूपं सापडतात, मथळ्यात मात्र हटकून 'स्वाइन फ्लू'. माझं मत स्पष्ट आहे. लिहावं 'एच१एन१', सलग, रेघेशिवाय; वाचावं 'एच वन एन वन'; आणि 'स्वाइन फ्लू' कायमचं बंद करावं.

नावातली अक्षरं विषाणूच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांची आहेत. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, याच्या आधारे विषाणू पेशीला चिकटतो. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, हे कात्रीसारखं काम करून नवे विषाणू पेशीपासून सुटे करतं (टॅमिफ्लू हे औषध यालाच अडवतं). आकडा प्रकाराचा आहे, तीव्रतेचा नाही. एच५एन१ म्हणजे पाचपट घातक एच१एन१, असं समजणारे शिकलेले लोकही भेटतात!

आणि 'स्वाइन'नं, म्हणजे डुकराच्या नावानं, काय साधलं? एप्रिल २००९मध्ये इजिप्तनं देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला. तिथे तेव्हा या तापाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता, आणि जगात साथ पसरत होती ती माणसाकडून माणसाला.

खडूस_वाचक: हुकूम काढणाऱ्यांचा दोष शब्दाच्या माथी कशाला? 'एच१एन१' नेमकं आहे हाच मुळात भ्रम. १९१८ची महासाथ एच१एन१चीच. १९७७पासून २००९पर्यंत मोसमी फ्लूमध्ये फिरणाऱ्यांतला एक, तोही एच१एन१. २००९चा पाहुणा या दोघांपेक्षा वेगळा, आणि त्याची जनुकं डुकरांमधल्या विषाणूंकडून आलेली. म्हणजे फरक दाखवणारा एकमेव सोपा शब्द तुम्ही हद्दपार करताय. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेलाही २०११मध्ये 'ए(एच१एन१)पीडीएम०९' असं शेपूट ('पीडीएम०९' म्हणजे २००९ची महासाथ) जोडावं लागलं. तापानं फणफणलेल्या माणसानं हे म्हणायचं?

शुद्धाक्षर: रुग्णानं नुसतं 'फ्लू' म्हणावं की, कोण अडवतंय! मी बातमीबद्दल बोलतोय. आणि जनुकं कुठून आली यावरूनच बारसं करायचं, तर १९५७चा एच२एन२ आणि १९६८चा एच३एन२ यांच्यात पक्ष्यांकडची जनुकं होती. त्यांना कुणी 'बर्ड फ्लू' म्हणतं का?

मात्राभेद: मला 'वन' खटकतं. आकडा मराठीत छापलाय तर 'एच एक एन एक' का नाही? आणि एवढे शुद्धलेखनाचे कैवारी आहात तर 'हिमॅग्लुटिनिन' कशाला, 'हेमॅग्लुटिनिन' लिहा. सुरुवातीचा भाग रक्तासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, 'हिमोग्लोबिन'मध्ये आहे तोच. १९४१मध्ये विषाणूतज्ज्ञ जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं, की या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. नाव त्यावरून.

शुद्धाक्षर: 'हिमोग्लोबिन' रुळलंय, म्हणून 'हिमॅ'. आणि डॉक्टर, प्रयोगशाळा, रुग्ण सगळे 'वन'च म्हणतात. फोनवर 'एच एक' सांगून बघा, समोरचा 'काय?' विचारेल.

खडूस_वाचक: वा! उच्चारात लोक म्हणतील ते प्रमाण, आणि 'स्वाइन फ्लू'च्या वेळी लोक अडाणी? जाता जाता: १९८०पर्यंत डुकरांमधल्या या एचला तज्ज्ञांनीच 'एचएसडब्ल्यू१' असं वेगळं चिन्ह दिलं होतं. त्यातला 'एसडब्ल्यू' म्हणजे स्वाइनच.

शुद्धाक्षर: आणि १९८०मध्ये त्यांनीच ते काढून 'एच१'मध्ये विलीन केलं. हे लिहायचं राहिलं वाटतं.