गाडी काढताना पर्स्पेक्टिव्ह रूलर लावणं ही फसवणूक आहे का?

रेघमारा:
दोन वर्षं झाली, टॅबलेटवर गाड्या, इमारती आणि यंत्रं एवढंच काढतोय. परवा सीएसएमटीचं चित्र एका ग्रुपवर टाकलं. पहिलीच प्रतिक्रिया आली, "रूलर लावून कुणीही काढेल." रूलर म्हणजे ड्रॉइंग अ‍ॅपमधली पट्टी, ती रेघांना आपोआप यथार्थदर्शनातली योग्य दिशा देते. मनाला लागलं. म्हणून माझं मत मांडतो: माणसाने घडवलेल्या वस्तू काढताना ही साधनं बिनदिक्कत वापरावीत.

क्रिता हे ड्रॉइंग अ‍ॅप फुकट मिळतं, त्यात लोपबिंदूचे (दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) आणि लंबवर्तुळाचे असिस्टंट आहेत. प्रोक्रिएट या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये रेघ ओढून पेन तसंच टेकवून ठेवलं की रेघ सरळ होते. सीएसएमटीला कमानींच्या रांगाच रांगा. एक कमान जीव लावून काढतो, कॉपी करतो आणि यथार्थदर्शनात (पर्स्पेक्टिव्हमध्ये) बसवतो. वाचलेला वेळ सावल्यांना देतो, कारण त्या दगडाचं वजन सावल्यांतच आहे.

मोटार असेल तर आधी ती मावेल अशी कच्ची पेटी, मग चाकं. चाक हीच माझी फूटपट्टी. साध्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे साधारण आणखी दोन चाकं मावतात. एवढं जमलं की पाच मिनिटांत गाडी उभी राहते.

खडूफळा:
मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना शिकवतो. तुमचं चित्र चांगलंच आहे, पण सल्ला नवशिक्यांना घातक आहे.

मुलं रूलर उघडतात आणि दोन्ही लोपबिंदू कागदाच्या आतच ठेवतात, कारण स्क्रीनवर तेवढंच दिसतं. मग एसटीचा पुढचा कोपरा पाचरीसारखा टोकदार होतो. एकही रेघ चुकलेली नसते आणि बस मात्र खोटी! क्षितिजरेषेचं, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीचंही तेच. ती बसच्या टपाच्या वर गेली की बस खेळण्यातली दिसते. रस्त्यावर उभ्या माणसाचे डोळे टपाच्या खाली असतात, हे अ‍ॅप सांगत नाही.

वस्तुचित्रात ज्याने बादली आणि तांब्या पन्नास वेळा हाताने काढलाय, त्याला लंबवर्तुळ कुठे फुगतं, कुठे चपटं होतं ते कळतं. पहिले सहा महिने रूलर नको, एवढंच माझं म्हणणं.

मिनीड्राफ्टर:
सर, आदर ठेवून असहमत. मी ड्राफ्ट्समन होतो. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर, लंबवर्तुळाच्या प्लास्टिक पट्ट्या, सगळं वापरलं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. आम्हाला कुणी फसवे म्हटलं नाही. आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत प्रकाशपेनाने स्क्रीनवर रेघा काढणारं स्केचपॅड केलं ते 1963 साली. म्हणजे हेही काही कालचं नाही. यंत्राच्या चित्रात दात्यावर दाता बसला पाहिजे. तिथे हाताच्या थरथरीचं कौतुक कशाला?

कट्ट्यावरची:
दादा, तुमचं ड्रॉइंग कारखान्यात जाणार होतं. रस्त्यावरच्या रिक्षाचं तसं नाही. मी रोज स्टँडवर बसून रिक्षा काढते. एका बाजूला बसलेलं स्प्रिंग, पोचा पडलेला मडगार्ड, ओढून बांधलेलं हूड. सिमेट्री टूल (एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारं) लावलं की तीच रिक्षा शोरूममधली होते. अचूक कशाला म्हणायचं? मला समोरची रिक्षा हवी, कंपनीच्या नकाशातली नको.

रेघमारा:
ताईंचं सिमेट्रीबद्दलचं म्हणणं मान्य. जुन्या गाडीला ती लावायचीच असेल तर कच्च्या पेटीपुरती, नंतर बंद. लोपबिंदूंबद्दल सरांचंही पटलं. माझ्या पहिल्या बसही पाचरीच होत्या. आता कॅनव्हास झूम आउट करून बिंदू बरेच बाहेर नेतो.

पण सहा महिने रूलर नको, हे नाही पटत. चाकाच्या लंबवर्तुळाचा लहान अक्ष (त्याच्या अरुंद बाजूने जाणारी मधली रेघ) अ‍ॅक्सलच्या दिशेत असतो, हे मला हाताने कधीच उमगलं नव्हतं. माझी चाकं नेहमी कलंडलेली. टॅबलेटवर तेच लंबवर्तुळ अंशाअंशाने फिरवलं आणि एका क्षणी चाक गाडीला जाऊन बसलं. हाताने शंभरदा खोडून हे दिसलं असतं का?

खडूफळा:
दिसलं असतं, उशिरा. पण एक विचारतो: ते चाक 'बसलं' हे कुणी ठरवलं? टूलने नाही, तुमच्या डोळ्याने. तो डोळा आधी तयार होता. माझ्या सातवीच्या मुलांचा नसतो.

तरी फिरवून दाखवायची कल्पना मी घेतोय. रविवारी वर्गात मुलांनी आधी समोर उभी केलेली सायकल हाताने काढायची, मग त्याच चित्राचा फोटो टॅबलेटवर घेऊन वरून लंबवर्तुळ फिरवून चूक शोधायची. क्रम हाच, उलटा नाही. तुमची सीएसएमटीची कच्ची पेटी, रूलरच्या रेघांसकट, वर्गाला दाखवायला मिळेल का?

रेघमारा:
आज रात्री टाकतो, सर. पाचरीसारखी पहिली बसही सोबत टाकतो.