मदत हवी आहे: अर्ली डिसिजनमध्ये डिफर, आता ईडी-२ भरावं का?

लेक म्हापशात बारावी सायन्सला. अमेरिकेतल्या एका कॉलेजात अर्ली डिसिजनने (ईडी, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असं बंधन घेऊन केलेला लवकरचा अर्ज) अर्ज केला होता, डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं: डिफर. म्हणजे नकार नाही, अर्ज रेग्युलर फेरीत पुन्हा वाचतील, निकाल मार्चअखेर. बंधन सुटलं, त्यामुळे दुसरीकडे ईडी-२ (तशाच बंधनकारक अर्जाची दुसरी फेरी) भरता येतं. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला. ग्रुपवर इतरांचे निकाल वाचून पोर दोन दिवस नीट जेवलेली नाही, म्हणून घाईत काही ठरवायचं नाही.

कॉलेजला मेल केला, नवे गुण पाठवा एवढंच म्हणाले. पण हायर सेकंडरीची पूर्वपरीक्षाच जानेवारीत. एसएटी (तिथल्या प्रवेशासाठीची परीक्षा) झालीय. आर्थिक मदतीशिवाय जमणार नाही, एजंट नको.

डिफर झालेल्या मुलांच्या पालकांनी कृपया सांगा: इच्छा कायम असल्याचं पत्र आत्ताच पाठवावं की गुणांसोबत? आणि मदत किती मिळेल ते ठाऊक नसताना बंधनकारक ईडी-२ भरावं का?