पत्रे पोतेभर आली, पण माल खपला का? (अनुभव धागा)

विभाग_चार:
रविवारी माळा आवरताना बुटांच्या खोक्यात जुन्या कुपनांचा गठ्ठा सापडला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा एक वाद आठवला. पुण्यातील एका लहान जाहिरात संस्थेत मी मजकूर लिहीत असे. टपालाने माल मागवण्याच्या जाहिरातीत पत्त्याखाली आम्ही ‘विभाग ४’ किंवा ‘विभाग ७’ असे छापत असू. प्रत्यक्षात कार्यालय म्हणजे एक खोली आणि तीन टेबले होती. ४ म्हणजे साताऱ्याचे दैनिक आणि ७ म्हणजे मुंबईचे साप्ताहिक, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ होता; आलेले पत्र कोणत्या अंकातील जाहिरात वाचून आले, हे त्यावरून कळत असे. एकदा एक गृहस्थ विभाग सातच्या प्रमुखांना भेटायला आले, तेव्हा साहेबांनी मलाच पुढे केले.

जाहिरात कुपने मोजूनच पारखावी, हे अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवले होते आणि आमचे साहेब त्यांचे निस्सीम भक्त होते. घरोघरी जिच्याविषयी बोलले जाते ती जाहिरात मोजता आली नाही तरी तीच खरी, असे माझे म्हणणे असे. पुढे मोफत नमुन्याच्या एका जाहिरातीला पोतेभर पत्रे आली. साहेबांनी पेढे वाटले, आणि नंतर पैसे भरून माल मागवणारे जेमतेम नऊ जण निघाले. आपणही या व्यवसायात असाल, तर आपले अनुभव अवश्य लिहावेत.

कटाची_आमटी:
काका, माझी गोष्ट याच वर्षीच्या होळीची आहे. मी घरगुती पुरणपोळ्या विकते. पोळी दुधाबरोबर खावी, तुपाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर, असा प्रश्न मी फेसबुकवर विचारला आणि दोन दिवस नुसती धुमश्चक्री चालली. गुळवणीचा उल्लेख मी केला नाही म्हणून एका आजोबांनी माझे माहेर काढले. तीनशेच्या वर उत्तरे आली आणि मागणी मात्र अकरा पोळ्यांची, त्यातील सहा माझ्या मावशीच्या.

गल्ला_सांभाळणारा:
ताई, उत्तरे देणाऱ्यांपैकी किती जण आपण पोळ्या पोहोचवू शकाल अशा अंतरावर राहत होते?

कटाची_आमटी:
आपण विचारल्यावर आत्ता पाहिले. सर्वांत कडाडून भांडणारे दोघे न्यू जर्सीत आहेत.

कृष्णाकाठ:
सांगलीजवळ आमचे शेतीपंपांचे दुकान आहे. वडिलांनी एसटीच्या रस्त्यालगतच्या भिंती रंगवून घेतल्या होत्या: पिवळी जमीन, निळी अक्षरे आणि मधोमध पंप. भिंतीला कोणी उत्तर देत नाही आणि तिच्याशी वादही घालत नाही. तरीही विहिरीला पाणी लागले की शेतकरी दुकानात येऊन कंपनीचे नाव न घेता ‘तो भिंतीवरचा द्या’ असे म्हणत. आता माझा मुलगा रोज पसंतीचे आकडे दाखवतो. मी त्याला संध्याकाळी गल्ला दाखवतो आणि जेवणे होईपर्यंत आमचे भांडण चालते.

सोडा_आणि_साबण:
या वादात सर्फ पावडरच्या दूरदर्शनवरील जाहिरातीतील गृहिणी ललिताजींना विसरून चालणार नाही. निरमा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त असताना, महाग घेण्यातच कसा शहाणपणा आहे हे पटवण्याचे काम त्यांच्याकडे होते. ती जाहिरात करणारे अलीक पदमसी यांना ही व्यक्तिरेखा आपल्या आईवरून सुचली होती. आमच्या घरी त्या पडद्यावर आल्या की आई मान डोलावत असे आणि मोरीत मात्र निरमाची पिशवी असे. ‘बाई बोलते बरोबर, पण पगार तिचा नाही,’ हे तिचे उत्तर पदमसींपर्यंत पोहोचायला हवे होते.

गल्ला_सांभाळणारा:
आपल्या मातोश्रींना एखाद्या कंपनीने सल्लागार नेमायला हवे होते.

मिरज_जंक्शन:
काका, हे लिहावे की नाही अशा संभ्रमात होतो. माझे वडील वर्तमानपत्रातील मोफत नमुन्याचे प्रत्येक कुपन कापून पाठवत. घरातील प्रत्येकाच्या नावाने एक, आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या तान्ह्या मुलाच्या नावानेही पाठवले होते. विकत मात्र त्यांनी कधीच काही घेतले नाही. तेव्हा आम्ही साताऱ्यात राहत होतो. आपल्या त्या पोत्यात आमची निदान चार पत्रे असावीत.

विभाग_चार:
पत्त्यात विभाग कोणता घातला होता, आठवते का?

मिरज_जंक्शन:
पाकिटांवर पत्ते मीच लिहीत असे. चार.

विभाग_चार:
पेढ्यांचे पैसे आपल्या वडिलांकडे निघतात.