एकाच स्विचवर कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक वेगळे ठेवता येतील का?

प्रश्न (सावदा): आमच्या केळीच्या शीतगृहात २४ पोर्टच्या एकाच नेटवर्क स्विचला हिशेबाचे संगणक, वजनकाटा आणि कॅमेरे जोडलेले आहेत. कॅमेरे वेगळे काढण्यासाठी दुसरा स्विच घ्यावा, की व्हीलॅनने भागेल?

उत्तर (भुसावळ): स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, असेल तर व्हीलॅनने भागेल. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून पाडलेले स्वतंत्र भाग. एका भागातले ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश, दुसऱ्या भागात पोहोचत नाही. सुरुवातीला बहुतेक स्विचवर सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्येच असतात, म्हणून कॅमेऱ्यांचे पोर्ट व्हीलॅन २० मध्ये आणि हिशेबाचे व्हीलॅन १० मध्ये, अॅक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचे पोर्ट) म्हणून टाकावेत. दोन्हींना आयपी पत्त्यांचे वेगवेगळे सबनेट, म्हणजे गट, द्यावेत.

प्रश्नकर्ता: गेटजवळ दुसरा स्विच बसवला, तर प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र केबल ओढावी लागेल का?

उत्तर (धुळे): नाही. दोन्ही स्विचमधला दुवा ट्रंक, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा, करावा. ८०२.१क्यू मानकानुसार ट्रंकवरून जाणाऱ्या फ्रेमला (माहितीच्या तुकड्याला) ४ बाइटचा टॅग, म्हणजे खूण, लागतो, त्यातील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात, आणि म्हणूनच वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४ इतकेच असतात. ट्रंकवर टॅगविना जाण्यासाठी ठरवलेल्या एका व्हीलॅनच्या, म्हणजे नेटिव्ह व्हीलॅनच्या, फ्रेम मात्र सहसा टॅगविना जातात, त्यामुळे तो क्रमांक दोन्ही टोकांना सारखाच ठेवावा. गोंधळ बहुधा इथेच होतो.

उत्तर (भुसावळ): एक पुरवणी. हिशेबाच्या संगणकावरून कॅमेरे पाहायचे असतील, तर दोन व्हीलॅन जोडणारा राउटर किंवा लेअर ३ स्विच (राउटरचे काम करणारा स्विच) लागेल, आणि उलट दिशेची, म्हणजे कॅमेऱ्यांकडून हिशेबाच्या संगणकांकडे सुरू होणारी, वाट तिथेच नियम लावून बंद करावी.