पाय लांब करून उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी काय जाणून घ्यावे?

मुळाकाठ (प्रश्न)

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा असून त्याची उंची १६२ सेंटीमीटर आहे. गेल्या वर्षी दोन ठिकाणी लग्नाची बोलणी उंचीवरून फिसकटली आणि तेव्हापासून पाय लांब करून घेण्याचा विचार त्याच्या मनातून जात नाही. इस्तंबूलमधील एका रुग्णालयाने त्याला शस्त्रक्रिया, हॉटेल आणि काही आठवड्यांची फिजिओथेरपी असे एकत्रित पॅकेज देऊ केले आहे. उंची आठ सेंटीमीटर वाढेल आणि तीन महिन्यांत तो कामावर रुजू होऊ शकेल, असे त्यांनी कळवले आहे. तो सज्ञान आहे, पैसे त्याने स्वतः साठवलेले आहेत, त्यामुळे त्याला अडवण्याचा हक्क मला आहे असे मी मानत नाही. मात्र आई-वडिलांना अद्याप काही ठाऊक नाही आणि त्याने विश्वासाने फक्त मला सांगितले आहे. पाय नेमका कसा लांबवतात, धोके कोणते आणि होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अस्थिशल्यक

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. जन्मतः एक पाय आखूड असलेल्या किंवा अपघातानंतर हाड न जुळलेल्या रुग्णांसाठी मी हीच पद्धत वापरतो, केवळ उंचीसाठी मात्र वापरत नाही. माझे मत वाचताना हे ध्यानात घ्यावे.

ही पद्धत सोव्हिएत रशियातील कुर्गान या सैबेरियन शहरात गाव्रिल इलिझारोव या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात विकसित केली. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक जिंकणारे व्हॅलेरी ब्रुमेल यांचा पाय मोटरसायकलच्या अपघातात चिरडला होता. तो इलिझारोव यांनी वाचवल्यावर या पद्धतीचा बोलबाला झाला. हाडाभोवतीचे आवरण शक्य तितके जपून हाड कापतात, पाच ते सात दिवस थांबतात आणि मग दोन्ही तुकडे रोज साधारण एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर असे चार वेळा, एकमेकांपासून दूर सरकवतात. मधल्या फटीत शरीर नवे हाड तयार करते. वेग जास्त झाला तर हाड धरत नाही, फार कमी झाला तर लांबी पूर्ण होण्याआधीच ते जुळून बसते.

आता आपल्या भावाला सांगितलेला हिशेब तपासून पाहा. आठ सेंटीमीटर म्हणजे ८० मिलिमीटर, अर्थात नुसते ताणण्याचेच ८० दिवस झाले. ऐंशीव्या दिवशी नवे हाड अजून मऊ असते आणि ते टणक होऊन पूर्ण भार पेलू लागण्यास, ताणण्यास लागला त्याच्या दुपटीइतका काळ सहज लागू शकतो. तीन महिन्यांत लॅपटॉप मांडीवर घेऊन घरून काम करणे शक्य होईल. पण रोज बस पकडून कार्यालयात जाणारा मनुष्य तीन महिन्यांत तयार होतो, हे मला मान्य नाही. धावणे, उड्या मारणे यांसाठी वर्षभर धरून चालावे.

हाड बहुधा वाढते. खरी अडचण हाडाभोवतीचे स्नायू, शिरा आणि मज्जातंतू यांची असते, कारण त्यांना त्याच वेगाने लांबणे जमत नाही. नडगीचे हाड लांबवले की टाचेमागची जाड शीर आखडते आणि पाऊल चवड्यावर उभे राहते. मांडीचे हाड लांबवले की गुडघा नीट वाकत नाही किंवा पूर्ण सरळ होत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पोटरीकडे जाणारा मज्जातंतू ताणला गेला तर पाऊल वर उचलता येत नाही. अंगठा उचलताना जोर लागत नाही किंवा पावलाची वरची बाजू बधिर वाटते, असे रुग्णाने सांगितले की त्याच दिवशी वेग कमी करावा लागतो, प्रसंगी ताणणे थांबवावे लागते. म्हणूनच नडगीत साधारण पाच सेंटीमीटरच्या पुढे जाण्यास जपून काम करणारे बहुतेक शल्यविशारद तयार होत नाहीत. मांडीत आठ सेंटीमीटरपर्यंत जातात, पण ती वरची मर्यादा आहे. कोणाच्याही बाबतीत ती आधीच कबूल करता येत नाही.

याशिवाय जंतुसंसर्ग, हाड न जुळणे, पायाचा आस (खुब्यापासून घोट्यापर्यंतची सरळ रेष) बदलणे आणि नवे हाड मोडणे हे धोके आहेत. लांबवण्यासाठी हाडाची पोकळी कोरून आत धातूचा रॉड घालताना मज्जेतील चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते. दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या तर हा धोका वाढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही पाय एकदम करणार की काही आठवड्यांच्या अंतराने, हे अवश्य विचारावे.

साधनाचे नाव लेखी घ्यावे. पायाभोवती बाहेरून रिंगा लावून त्या त्वचेतून जाणाऱ्या पिनांनी हाडाला जोडतात, रिंगांबरोबर आत रॉडही घालतात, किंवा बाहेरच्या चुंबकयंत्राने लांबणारा रॉड पूर्णपणे हाडात बसवतात. या शेवटच्या प्रकारात त्वचेतून पिना येत नाहीत, म्हणून तो महाग असूनही लोकांना आवडतो. मात्र त्याच्या बहुतेक प्रकारांत नवे हाड पक्के होईपर्यंत पूर्ण भार टाकता येत नाही आणि काम झाल्यावर तो दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावा लागतो. पूर्ण भार पेलणारा ‘स्ट्राइड’ नावाचा पोलादी रॉड काही वर्षे वापरात होता. रॉडच्या जोडापाशी गंज आणि शेजारच्या हाडात बदल आढळल्यावर २०२१ मध्ये कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. नवे साधन दाखवले गेले की ते किती वर्षे वापरात आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

वारणेकाठ

माझा अनुभव उंचीसाठीचा नाही. लहानपणी हाडात पू झाल्यामुळे माझा उजवा पाय सुमारे चार सेंटीमीटर आखूड राहिला होता आणि तो नडगीत रिंगा लावून बरोबर करून घेतला. निर्णयाचे मला समाधान आहे, तरीही घरातले दिवस कसे असतात हे आपल्या भावाला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा अशा रिंगांवरचे नट फिरवून पाय ताणण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. नटाच्या एका कडेला बहिणीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, म्हणजे पाना फिरवताना नट किती फिरला ते अंधुक उजेडातही दिसे. पिना जिथे कातडीत शिरतात तिथली खपली सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने रोज काढावी लागे. एखाद्या पिनेभोवती लाली आली की प्रतिजैविकांच्या गोळ्या सुरू होत. पाऊल खाली लोंबू नये म्हणून तळव्याखाली पट्टा घालून तो पुढच्या रिंगेला बांधलेला असे आणि रात्रीही तो सोडायचा नसे. पॅन्टची बाहेरची शिवण उसवून तिथे वेल्क्रो लावून घेतले होते. खाली बसून शौचाला जाणे अशक्य होते, त्यामुळे कमोडची सोय आधीच करावी लागली.

माझ्या एकाच पायाचे काम होते, दुसऱ्यावर मी उभा राहत होतो. दोन्ही पायांचे एकदम करणाऱ्याला पलंगावरून खुर्चीवर येण्यासाठीही सुरुवातीला माणूस लागेल. आई-वडिलांना न सांगता हे पार पडेल अशी कल्पनाही करू नये.

नर्मदातीर

घरच्यांना सांगण्याच्या मुद्द्याला दुजोरा देतो. २०१६ मध्ये हैदराबादमधील एका तरुण अभियंत्याने घरी न कळवता दोन्ही पायांची अशी शस्त्रक्रिया करून घेतली. मुलाचा ठावठिकाणा लागेना म्हणून आई-वडिलांनी शोध घेतला तेव्हा तो रुग्णालयात सापडला. ते प्रकरण तेलंगणच्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेले. चीनने तर बिघडलेल्या अनेक शस्त्रक्रियांनंतर २००६ मध्ये केवळ सौंदर्यासाठी पाय लांबवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे सज्ञान व्यक्तीला स्वतःच्या संमतीने ती करून घेता येते. परंतु आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, त्यामुळे पुढे गुंतागुंत झाली तर तिचाही खर्च खिशातून करावा लागेल असे समजूनच पैशाची तजवीज करावी.

गोदाकाठची फिजिओ

पॅकेजमध्ये ‘काही आठवड्यांची फिजिओथेरपी’ हे वाचून मला काळजी वाटली. ताणणे चालू असते तो सगळा काळ, आणि त्यानंतरही कित्येक महिने, रोज टाच, गुडघा आणि खुबा ताणून घ्यावे लागतात. हे व्यायाम दुखतात. वेदना टाळण्यासाठी रुग्ण गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहतो आणि तिथेच गुडघा आखडू लागतो. भाऊ ताणणे पूर्ण होण्याआधी भारतात परतणार असेल, तर दर एक-दोन आठवड्यांनी क्ष-किरण चित्र कोण पाहणार आणि वेग कमी-जास्त कोण ठरवणार, हे निघण्यापूर्वी नक्की झाले पाहिजे. दुसऱ्याने बसवलेल्या साधनाची जबाबदारी घेण्यास येथील डॉक्टर सहसा राजी नसतात.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाय वाढले तरी हात आणि धड आहे तेवढेच राहतात. खुर्चीत बसल्यावर तो पूर्वीएवढाच उंच दिसेल. उंचीबद्दलची खंत इतकी खोल असेल की आरशासमोर जाणेही नकोसे होते, तर अशा माणसाला पाच सेंटीमीटर मिळाले तरी ते कमीच वाटण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागणारे रुग्णालय मला अधिक विश्वासाचे वाटते.

भरती_सराव

मला पोलिस भरतीसाठी पुरुषांना लागणाऱ्या १६५ सेंटीमीटरला दोन सेंटीमीटर कमी पडतात. त्यासाठी ही शस्त्रक्रिया करता येईल का? उंची वाढवणारी पावडरही मी सध्या घेत आहे.

अस्थिशल्यक

भरतीसाठी तर मी अजिबात सुचवणार नाही. त्याच भरतीत १६०० मीटर धावावे लागते आणि ज्या पायांवर आपण गुण मिळवणार तेच पाय आपण धोक्यात घालाल. शिवाय वैद्यकीय तपासणीत हाडातील रॉड आणि त्वचेवरील व्रण लपत नाहीत. पावडर आजच बंद करावी. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या एकदा मिटल्या की कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही, आणि त्या मिटल्या आहेत की नाहीत हे साध्या क्ष-किरण चित्रातून कळते.

मुळाकाठ

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल रात्री भावाला हे सारे वाचून दाखवले. ८० दिवसांचा हिशेब ऐकून तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने स्वतःहून त्या रुग्णालयाला ई-मेल लिहिला : साधन कोणते, दोन्ही पाय एकदम की वेगवेगळे, आणि परतल्यावर क्ष-किरण कोण पाहणार? उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम न भरण्याचे त्याने कबूल केले आहे. आई-वडिलांशी तो रविवारी बोलणार आहे. तो दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो, त्याने काही फरक पडतो का?

अस्थिशल्यक

फार मोठा फरक पडतो. निकोटिनमुळे नव्या हाडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड उशिरा धरते किंवा धरतच नाही. धूम्रपान करणाऱ्याचे हे काम हाती घेण्यास अनेक शल्यविशारद सरळ नकार देतात. किमान सहा आठवडे आधी सिगारेट पूर्णपणे बंद हवी आणि हाड पक्के होईपर्यंत ती पुन्हा सुरू करता येणार नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणीही आताच करून घ्यावी. त्याला हरकत नसेल, तर दोन्ही पायांचे खुब्यापासून घोट्यापर्यंतचे उभे क्ष-किरण चित्र येथेच काढून, इस्तंबूलशी संबंध नसलेल्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. पायाचा आस मुळातच वाकडा असेल तर संपूर्ण योजना बदलते आणि ते पैसे भरण्यापूर्वी कळलेले बरे.